मागचा माणूस

आमच्या शेजारच्या भिंगरीला कुणाचा हेवा वाटला की तिची उजवी भुवई वर जाते. ही खोड शाळेपासूनची. एका जागी दोन मिनिटं बसायची नाही म्हणून वर्गात तिचं नाव भिंगरी पडलं, ते लग्नानंतरही सुटलं नाही. हेवा करू नये असं मी चौथीच्या पोरांना सांगत असे. पण या पोरीच्या हेव्यात एक गुण होता. ज्या गोष्टीवर तिचा जीव जळे, ती गोष्ट ती इतकी नीट बघून ठेवी की कितीही दिवसांनी विचारलं तरी जशीच्या तशी सांगता येई. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या नव्या दप्तराला आत कप्पे किती आणि कुठला बंद जरा उसवलाय, हे त्या मुलीलाही ठाऊक नसे, हिला पाठ.

मोठी झाल्यावर तिने सैन्यातला नवरा केला. माणूस शांत, बिनतारी यंत्रं दुरुस्त करणारा. दोघांचं एक गमतीचं वळण होतं. चारचौघांत ती त्याला 'अहो' म्हणे, घरात 'अरे'. भांडण झालं की मात्र घरातही 'अहो'. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना नुसत्या हाकेवरून घरातलं हवामान कळायचं.

त्याच्या तुकडीला परदेशात पाठवलं तेव्हा बायकांना सोबत न्यायची परवानगी होती. आईवडील, सासूसासरे यांना नव्हती. तिथे पोचून वर्ष झालं नसेल, तोच भिंगरीने फोन करून सांगितलं, "बाई, मला दिवस गेलेत." आवाजात आनंद होता. आणि लगेच पुढचं वाक्य, "वरचीलाही गेलेत. माझ्या आधी."

वरची म्हणजे तिच्या वरच्या मजल्यावर राहणारी. एकमेकांना खेटून बांधलेली दुमजली घरं, खाली एक बिऱ्हाड, वर एक. दोघींचे नवरे एकाच तुकडीतले, भाषाही एकच, त्यामुळे मैत्री व्हायला हरकत नव्हती. पण वरचीचा आवाज फार हळू. ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. भिंगरीचं ठाम मत होतं की ती हे मुद्दाम करते.

तिथली पद्धत अशी. तुकडीतले लोक पाळीपाळीने पुढच्या ठाण्यावर जात, बाकीचे वस्तीत राहत. पुढे जाणाऱ्याने निघण्याआधी साहेबांसमोर आपला 'मागचा माणूस' सांगायचा. त्याच्याकडे घराची दुसरी किल्ली द्यायची. मग बायकोला दवाखान्यात नेणं, गळका नळ बघणं, बाजारातून जड सामान आणणं, हे सगळं त्या मागच्या माणसाचं काम. ज्याचं नाव घेतलं त्याने नाही म्हणायचं नाही, आणि कोणी म्हणतही नसे, कारण उद्या आपली पाळी.

वरचीचा नवरा सामानाचा ट्रक चालवायचा. अंगाने इतका उंच की भिंगरी त्याला उंच भावजीच म्हणे. त्याची पाळी आली तेव्हा तो भिंगरीच्या दारात मान वाकवून उभा राहिला.

"वहिनी, तुमचा माणूस थोडे दिवस उसना द्या."

"न्या की. परत देताना घासूनपुसून द्या म्हणजे झालं."

सगळे हसले. भिंगरीचा नवराही हसला आणि वरची किल्ली त्याने आपल्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. ही थट्टा भिंगरीला फार महागात पडली.

पहिले काही दिवस तिला काही वाटलं नाही. मग नवरा कामावरून येऊन बूट काढताना ते जुडगं टेबलावर ठेवू लागला, आणि तिच्या लक्षात आलं की वरची किल्ली चकचकीत आहे, आपली काळवंडलेली. दोन्ही एकाच कडीत. ती कपडा घेऊन आपली किल्ली घासत बसली.

"किल्ली का घासतेस?" त्याने विचारलं.

"गंजली होती."

"गंजली नव्हती. जुनी झाली होती."

"तेच म्हणते मी. जुनं झालं की कोण बघतंय."

तो बिचारा यंत्रातला माणूस. बिघाड कुठे आहे हे त्याला तारा मोजून कळायचं, बायकोच्या बोलण्यातून नाही. तो चहा पिऊन वरच्या घरची खिडकी बसवायला गेला.

दवाखाना शहरात होता. तिथे बाळंतपणाच्या आधी बायकांसाठी एक वर्ग भरे. जमिनीवर रबरी गाद्या, भिंतीला मोठा आरसा, आणि शिकवणारी नर्स जाडजूड, हसतमुख, तिथलीच भाषा बोलणारी. प्रत्येकीने सोबतीला एक माणूस आणायचा. कळा येतील तेव्हा त्याने पाठीचा कणा कुठे दाबायचा, श्वास कसा मोजायचा, पाणी कधी द्यायचं, हे त्यानेही शिकायचं. बाळंतपणाच्या खोलीतही तोच सोबत जाणार.

वरचीचे दिवस आधी भरणार, म्हणून तिचा वर्ग आधी. मागचा माणूस कोण, तर भिंगरीचा नवरा. तो गेला, शिकला, आणि कुठलंही काम नीट करायची सवय असल्याने फार चांगला शिकला. नर्सने त्याला सगळ्यांपुढे उभं करून पाठ दाबून दाखवायला लावली, हे त्यानेच घरी येऊन मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"कोणाची पाठ?" भिंगरीने विचारलं.

"वहिनींची. दुसऱ्या कोणाची दाबणार?"

भिंगरीने भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

पुढे तिचा वर्ग सुरू झाला. दोघं दारात पोचली, तशी त्या नर्सने त्याला ओळखलं आणि आनंदाने त्याचा हात हातात घेतला. मग भिंगरीकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. खुणेने विचारलं, तुमची बायको कुठे? त्याने भिंगरीकडे बोट दाखवलं. नर्सने मान हलवली. ती नाही, ती दुसरी, बारीक, हळू बोलणारी. आता याला समजावून सांगायचं तर भाषा येत नाही. त्याने नेटाने प्रयत्न केला. आधी भिंगरीकडे बोट केलं, मग वर्गाच्या रिकाम्या गादीकडे, आणि मग हसून दोन बोटं वर केली. दोघी आहेत, दोघींबरोबर मीच येणार.

नर्सचं हसू मावळलं. तिने त्याचा हात सोडला, भिंगरीच्या खांद्याभोवती हात टाकला आणि तिला सगळ्यांत मऊ उशी आणून दिली. पूर्ण वर्गभर ती भिंगरीकडे अशा नजरेने बघत राहिली की सख्खी मावशीही तशी बघणार नाही.

परत येताना नवरा व्हॅनमध्ये हसून हसून बेजार झाला. "दोन बायकांचा दादला समजली ती मला."

"चुकीचं काय समजली?" भिंगरी म्हणाली.

तीही हसली होती, तिने मला सांगितलं. पण वर्गात त्याने तिच्या कमरेवर बरोबर जागी अंगठा ठेवला, न सांगता, न चुकता, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बाई, तो धडा तिच्याकडे शिकला. माझ्या वाट्याला नुसती उजळणी."

मी म्हटलं, उजळणीनेच धडा पक्का होतो. तिला ते पटलं नाही. मुलींना आपली बाई फक्त शाळेत शहाणी वाटते.

वरचीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. जिन्यावरून हळूच हाक आली, नेहमीसारखी, इतकी हळू की भिंगरीला ती कुकरच्या शिट्टीत ऐकूच आली नाही. तिच्या नवऱ्याला मात्र आली. तो जेवणाच्या ताटावरून उठला, हात न धुता गेला आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर परत आला. तेच ताट भिंगरीने झाकून ठेवलं होतं. तो पुढ्यात बसला पण जेवेना. त्याचा चेहरा तिने कधी न पाहिलेला होता.

"मुलगा झाला," तो म्हणाला. "अगं, मला माहीतच नव्हतं माणूस असा येतो."

"कसा येतो?"

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. बाळ डावी मूठ कानाशी धरून आलं, जणू कोणाचा निरोप ऐकतंय. आधी रडलंच नाही. शिंकलं. नर्सने पिवळ्या टॉवेलने पाठ चोळली तेव्हा मांजराच्या पिल्लासारखं रडलं. केस ओले, कपाळाला चिकटलेले, उजव्या बाजूला भोवरा. खिडकीच्या पट्ट्यांमधून ऊन भिंतीवर पडलं होतं. वरचीने डोळे न उघडताच विचारलं, नाक कोणासारखं आहे? आणि तो रडला. का ते त्यालाही कळलं नाही. नर्सने, जिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तिनेही त्याला डोळे पुसायला कागदी रुमाल दिला.

"मग?" भिंगरी विचारत राहिली. "मूठ कुठली? टॉवेल कुठल्या रंगाचा म्हणालास? तू कुठल्या बाजूला उभा होतास?"

त्याला वाटलं, हिला किती कौतुक. तो सगळं सांगत गेला. तिची उजवी भुवई कधीची वर गेली होती. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने जन्म पाहिला, पहिल्यांदा नवीन जीवासाठी रडला, आणि ते तिचं बाळ नव्हतं. ते पहिलेपण आता कोणी परत आणून देणार नव्हतं.

"म्हणजे आता माझ्या वेळी तुला नवीन काही उरलं नाही," ती म्हणाली.

"उलट बरं झालं," तो भोळेपणाने म्हणाला. "सराव झाला."

"अहो," भिंगरी म्हणाली, "भात घ्या. गार होतोय."

त्याला तेव्हा कळलं. पण उशीर झाला होता.

तरी एक आशा होती. पहिलं नाही तर नाही, निदान तो आपल्या वेळी सोबत असेल. वरचीने त्याचा हात धरला, आपणही धरू, जास्त घट्ट धरू, नखं रुतवू. ती दिवस मोजत होती. आणि तिचे दिवस भरत आले असतानाच पुढच्या ठाण्यावर वादळात बिनतारी यंत्राचा खांब कोसळला. तो उभा करू शकणारा माणूस वस्तीत एकच होता. ज्या ट्रकने उंच भावजी बाळाला बघायला रजेवर वस्तीत आला, त्याच ट्रकने भिंगरीच्या नवऱ्याला ठाण्यावर जायचा हुकूम निघाला.

तो सामान बांधत होता. ती पलंगाच्या कडेला बसून होती.

"साहेबांना भावजींचं नाव सांगितलंय," तो म्हणाला. "ते तुला नेतील."

"मला नको कोणी मागचा माणूस. मी एकटी जाईन."

"एकटी कशी जाशील? नियम आहे."

"नियम तुमच्या तुकडीला आहे. माझ्या पोटाला नाही."

"अगं, मी त्यांच्यासाठी केलं ना, आता ते..."

"तेच तर. तुम्ही केलंत. मला फिट्टंफाट नकोय. मला तुम्ही हवे होतात."

तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. मग ट्रकचा भोंगा वाजला. त्याने जुडग्यातून वरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही वर देऊन ये. आणि आपली त्यांना दे. एवढं ऐक."

तो गेला. ती दुपारी वरची किल्ली घेऊन जिना चढली. आपली मात्र खाली खिळ्यालाच ठेवून.

दार उघडंच होतं. उंच भावजी खोलीच्या मधोमध बाळाला दोन्ही हातांत धरून उभा होता, जसं कोणी काठोकाठ भरलेलं भांडं धरावं. बाळ जीव तोडून रडत होतं. वरची भिंतीला टेकून बसली होती, थकलेली.

"वहिनी, हा मला ओळखत नाही," तो म्हणाला.

"एवढंसं बाळ कोणाला ओळखतं?" भिंगरी म्हणाली.

"तुमच्या माणसाला ओळखतो. परवा ते येऊन नुसतं 'काय रे' म्हणाले, तर गप्प झाला." तो हसला, पण हसू तोंडापुरतंच होतं.

भिंगरीला हे हसू ओळखीचं वाटलं. गेले कित्येक दिवस आरशात तेच बघत होती ती.

वरची हळूच काही बोलली. भिंगरी सवयीने पुढे वाकली.

"तुमची भांडणं मला ऐकू यायची," वरची म्हणत होती. "हे नव्हते तेव्हा. तुम्ही 'अहो, भात घ्या' म्हणालात की मी कामं टाकून जमिनीला कान लावायची. वाटायचं, किती नशीबवान. रागवायला समोर माणूस आहे."

आपला कोणी हेवा करत असेल, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिला ते, खरं सांगायचं तर, आवडलं.

उंच भावजीने बाळ बायकोच्या मांडीवर दिलं आणि घसा खाकरला. "वहिनी, एक विचारू का? तुमच्या माणसाने घरी सांगितलं असेल ना काही? त्या दिवशीचं. हिला विचारलं तर म्हणते, डोळे मिटलेले होते, मला काही आठवत नाही."

"मग त्यांनाच विचारायचं ना. सकाळी तर भेटलात."

"गेलो होतो विचारायला," तो म्हणाला. "जीभ वळेना. माझ्या पोराचा जन्म दुसऱ्याला विचारायचा."

भिंगरी खुर्चीवर बसली. पोटावर हात ठेवला आणि सांगू लागली. डावी मूठ, कानाशी, निरोप ऐकल्यासारखी. शिंक आधी, रडणं मग. पिवळा टॉवेल. भोवरा उजवीकडे. भिंतीवर उन्हाच्या पट्ट्या, आणि नाकाचा प्रश्न. रोज मनात जळत जळत तिने ते इतक्या वेळा घोकलं होतं की एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिने तिथे नसूनही सगळं पाहिलं होतं, कदाचित जे होते त्यांच्यापेक्षा जास्त.

उंच भावजी ऐकता ऐकता खाली बसला. "मूठ डावी म्हणालात?"

"डावी."

त्याने बाळाची डावी मूठ आपल्या बोटात घेतली. ती एवढीशी मूठ त्याच्या बोटावर मिटली. "नाकाचं खरंच विचारलंस?" त्याने बायकोला विचारलं.

"विचारलं असेन."

"आणि कोणासारखं आहे?"

"तुमच्यासारखं. म्हणून तर विचारलं. भीती वाटत होती."

तिघंही हसली. मग तो डोळे पुसत राहिला आणि भिंगरीला कळलं की आपण आज एक मोठी वस्तू हातातून देऊन टाकली, आणि हात हलका झाला.

"भावजी," ती उठताना म्हणाली, "आमची किल्ली खाली खिळ्याला आहे. येऊन घेऊन जा. पण एक अट आहे. त्या खोलीत डोळे उघडे ठेवायचे. सगळं बघायचं, सगळं लक्षात ठेवायचं. ह्यांना सांगायचंय. मी नंतर तपासणार."

"ह्यांना रक्त बघून घेरी येते," वरची म्हणाली.

"येऊ दे. पडायच्या आधी बघून घ्या म्हणावं."

जाता जाता भिंगरीने मागे वळून बघितलं. आपला नवरा दुसरीची पाठ दाबायला जाणार, हे आत्ता कुठे वरचीच्या ध्यानात येत होतं. तिची भुवई वर गेली होती. थोडीशीच, पण गेली होती. भिंगरी म्हणते, त्या दिवशी जिना उतरताना मला कुठेच काही दुखलं नाही.

तिची वेळ आली ती सकाळी. दवाखान्यात तीच नर्स. भिंगरीसोबत आज वेगळाच उंच माणूस बघून ती चमकली आणि खुणेने विचारलं, नवरा कुठे? उंच भावजीने समजावण्यासाठी, मी वरच्या मजल्यावरचा, असं म्हणत छताकडे बोट दाखवलं. नर्सने छताकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिने भिंगरीला जवळ घेतलं आणि खिडकीकडची खाट दिली. कळा इतक्या वाढल्या होत्या की नवऱ्याला जिवंत करायला भिंगरीला सवड नव्हती.

मुलगी झाली. उंच भावजी पडला नाही. घामाने डबडबला, भिंतीला टेकला, पण डोळे मिटले नाहीत.

रविवारी पुढच्या ठाण्यावरून फोन करायची नवऱ्याची पाळी आली. तोवर त्याला निरोप पोचला होता, पण निरोप तो निरोप. भिंगरी पलंगावर, मुलगी शेजारी, वरची आपलं बाळ घेऊन पायथ्याशी, आणि उंच भावजी दाराशी.

"कशी आहे?" तो विचारत होता. "कशी आली? सांग ना गं."

"मी काय सांगणार?" भिंगरी म्हणाली. आवाजात नुसती साखर. "माझे डोळे मिटलेले होते. भावजींनी पाहिलं. सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिलं तिला."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. तिने ती शांतता पुरेपूर ऐकली.

"ते... रडले का?" शेवटी त्याने विचारलं.

"तुझ्यापेक्षा जास्त."

मग मात्र तिला राहवेना. तिने फोन उंच भावजीकडे दिला. तो ताठ उभा राहिला, साहेबांपुढे उभं राहावं तसा, आणि धडा म्हणायला लागला. आधी डोकं, केस भरपूर, काळे. मग एक हात. रडायच्या आधी नर्सच्या हातावर शू केली. मग रडली, मोठ्याने, आईवर गेल्यासारखी. हनुवटीवर खळी. उजव्या पायाचा अंगठा...

"डाव्या," भिंगरी पलंगावरून म्हणाली. "डाव्या पायाचा अंगठा वळलेला. आणि शू रडायला लागल्यावर केली, आधी नाही."

"तुझे डोळे मिटलेले होते ना?" फोनमधून नवऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

भिंगरी मुलीचं दुपटं सारखं करू लागली. उंच भावजीने चूक सुधारून पुन्हा खळीपासून सुरुवात केली. सांगता सांगता त्याचा आवाज कातर झाला, शेजारणीच्या मुलीसाठी, आणि पलंगाच्या पायथ्याशी वरचीने आपल्या मुलाला उगीचच जरा जास्त घट्ट धरलं.